पाटाचा चौथा पाय

अहो, आज सकाळी पुन्हा भुसा पडला होता.

तुमच्या टेबलाखाली, नेहमीच्या जागी, चिमूटभर चिमूटभर असे ढीग. पांढुरका, मैद्यासारखा बारीक. काल संध्याकाळी आपल्या कामवाल्या सोनबाईनं ती जागा झाडून ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती, मी स्वतः तिथं उभी होते. मागच्या व्हरांड्याच्या जाळीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तरी सकाळी भुसा. सोनबाई केरसुणी हातात धरून थांबली, माझ्याकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दाई, बबा आज घलो बुता करिस का?" बबानं आजही काम केलं का, असं. जसं काही तुम्ही दूध आणायला गेला आहात आणि आत्ता परत याल. मी तिला म्हटलं, "हव, केलं. झाड आता." दुसरं काय सांगणार होते?

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. माणसं भेटायला येतात, कूलरसमोरची खुर्ची बघून बसतात, चहा पितात. भाग्यवान हो, आवडीचं काम करता करता गेले, म्हणतात. मी मान हलवते. काम करता करता गेले हे खरंच आहे. पण काम टाकून गेले असं मात्र मला दिसत नाही, आणि हे आलेल्या पाहुण्याला कसं सांगायचं ते मला कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाद नको. तुम्हाला लाकडापासून लांब ठेवायला मी धडपडले त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. डॉक्टरांनी तुमच्या समोर सांगितलं होतं की हा भुसा तुमच्या छातीला विष आहे. तुम्ही त्यांना "बरोबर आहे साहेब" म्हणालात आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी रंद्याचं पातं घासायला बसलात. तेव्हा तुम्ही वर जाऊन कोणाजवळ माझी तक्रार करत असाल तर ही बाजूही सांगा.

राज्य वेगळं झालं आणि तुम्ही निवृत्त झालात, जवळजवळ एकाच हंगामात. गावाची राजधानी झाली आणि माझ्या घराचं लाकडाचं दुकान. आयुष्यभर तुम्ही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढले, पेन्सिल कानामागं खोचून. निवृत्त झालात तरी पेन्सिल तिथंच राहिली, फक्त कागद गेला आणि लाकूड आलं. तेव्हा जिकडं बघावं तिकडं रस्ते रुंद होत होते, जुनी घरं पडत होती. त्यांची दारं-चौकटी भनपुरीकडच्या वखारीत जाऊन पडायच्या आणि तुम्ही स्कूटर काढून तिकडं. दोरीनं बांधलेली एखादी चौकट घेऊन, तिच्यातून डोकं काढून आल्यासारखे घरी यायचात.

मला ते आवडायचं नाही. कोणाच्या घराचं दार, त्यातून कोण कोण गेलं असेल, कोणाला खांद्यावरून नेलं असेल, काय ठाऊक. मी तसं म्हटलं की तुम्ही चौकटीवरचा जुना रंग खरवडत म्हणायचात, "सुधा, दारातून लोक आत बी येतात." त्या दारांचे तुम्ही स्टूल केले, मांडण्या केल्या, आपल्या नितीनच्या पोराला घोडा केला, शेजारणीला पोळपाट केला. मला काय केलंत? मला सांगितलंत, तुझं निवांत करतो.

आणि लाकडाच्या बाबतीत तुमचा सोवळेपणा केवढा. सगळ्यात जुनं सागवान तेवढं चालायचं. ताजं लाकूड कोणी फुकट दिलं तरी तुम्ही त्याला हात लावायचा नाहीत. "त्याले दोन पावसाळे पाहू दे आधी. मग बोलू त्याच्याशी." जांभळाची एक फळी तुम्ही मागच्या भिंतीला अशी टेकवून ठेवली होती की तिच्यावर मी दोन वर्षं पापड वाळवले.

मग छातीनं त्रास द्यायला सुरुवात केली. तुम्हाला हे कधी कळलं नाही, पण तुमचा श्वास आणि तुमची करवत यांचा आवाज एक होऊन गेला होता. स्वयंपाकघरात मला कान देऊन ऐकावं लागायचं की लाकूड चाललंय की तुम्ही. करवत मी कपाटामागं ठेवली, ती तुम्हाला सापडली. रंदा तांदळाच्या कोठीत घातला, तोही सापडला, आणि वर तोंड करून विचारलंत, "सुधा, रंद्याचा पुलाव करून राहिली का?"

शेवटी ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ते घुरघुरत बसायचं आणि त्याची लांब नळी तुमच्या नाकापर्यंत. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता तरी एका जागी राहतील. तुम्ही काय केलंत? नळी कुठवर जाते ते पट्टीनं मोजलंत आणि तुमचं टेबल मागच्या व्हरांड्यात अशा जागी लावून घेतलंत की खिडकीतून बाहेर आलेली नळी बरोबर तिथं संपेल. तेवढंच तुमचं जग. त्याच्यापलीकडच्या स्टुलावर पटाशी राहिली तर मला हाक मारावी लागायची, आणि मी ती दिली नाही की तुम्ही नळी ताणून हात लांब करायचात आणि हात पोचायचा नाही. नळी कुठं संपते ते मला तोंडपाठ होतं. देवघर, पुढचा दरवाजा, फाटक, हे सगळं त्या नळीच्या बाहेर होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुपारी मी पडले की तुम्ही कामाला लागायचात. माझ्या चपलांची फटफट ऐकू आली की पॉलिश पेपरचा आवाज बंद. मी दारात पोचेपर्यंत तुमचे हात मांडीवर, डोळे मिटलेले, जप करणारा सज्जन माणूस. मिशीवर मात्र भुसा. मग मी चपला काढून अनवाणी यायला लागले आणि तुम्हाला ऐन कामात धरायला लागले. आपल्या म्हातारपणाचा हा एवढाच काय तो खेळ होता. मी रागवायचे तेव्हा खरंच रागवलेली असायचे, आणि तरी रोज दुपारी चपला काढताना मला आतून थोडं हसू यायचं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता आंब्याचं. दिवाळीनंतर कॉलनीतला रस्ता रुंद झाला, आपलं कुंपण आत आलं आणि त्यात माझा आंबा गेला. नितीन व्हायच्या आधी मी लावलेला. मी आत जाऊन रडले. तुम्ही नळी नाकात घालून खिडकीतून बघत बसलात. पण संध्याकाळी बुंध्याचा एक मोठा तुकडा मागच्या अंगणात होता, आणि थोड्या दिवसांनी त्याच्या फळ्या पाडून आल्या.

"याचा पाट करतो तुह्यासाठी," तुम्ही म्हणालात. "देवासमोर बसायले. उंच. गुडघे दुखनार नाही असा."

मी म्हटलं, "आंब्याचं लाकूड होमाला लावतात नाहीतर चितेला. बसायला कोणी लावतं का?"

"जिनं झाड लावलं तिनं त्याच्यावर बसावं. त्यात काय वाईट आहे?"

मग आपलं ते भांडण सुरू झालं जे अजून संपलेलं नाही. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नव्हतं, मी उभ्यानंच पूजा करायचे, हे खरं. पण देवापेक्षा उंच आसनावर बसायचं नाही, हे माझ्या आईच्या घरचं, आणि ते मी मोडणार नव्हते. तुम्ही पाटाची उंची बोटांनी दाखवायचात, मी ती अर्ध्यावर आणायचे. तुम्ही म्हणालात, गुडघे देवानंच दिले ना, तो समजून घेईल. मी म्हटलं, देव समजून घेईल, मला समजत नाही. शेवटी तुम्ही वैतागून म्हणालात, "मग देवालेच उंच करतो, झालं?" आणि मी सांगितलं, खबरदार. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, जिथं बसवलेत तिथून देव हलवायचे नाहीत. त्यावर तुम्ही गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात की माझं जिंकणं पक्कं नसतं, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

मी एकदाच विचारलं होतं, "याला दोन पावसाळे नाही का दाखवायचे?" तुम्ही रंदा चालवत म्हणालात, "उन्हाळा आहे. सुकते." आणि मी भाजी बघायला आत गेले.

रामनवमीच्या आधी मी सोनबाईला घेऊन गोल बाजारात गेले, देवांपुढं नवी समई आणायला. जाताना दहादा बजावलं होतं, उठायचं नाही. परत आले तर तुम्ही खुर्चीत, नळी नाकात, अगदी शहाण्यासारखे. पण बनियन घामानं चिंब आणि ओठ जांभळे. मशीन घुरघुरत होतं तरी तुम्हाला धाप आवरत नव्हती. मी घाबरून ओरडायला लागले की काम केलंत, करवत घेतलीत. तुम्ही हात वर करून थांबवलंत. "काहून ओरडून राहिली? बसूनच तर आहो." बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला आणि मग तुम्ही विचारलंत, समई कशी मिळाली. मी ती देव्हाऱ्यात ठेवून लावली. ज्योत जरा उंच वाटली. नवी समई उंच आहे, म्हटलं, आणि माझा डोळाही मोतीबिंदूचा.

तुम्ही गेलात ती दुपारची वेळ. कूलरच्या आवाजात मला डुलकी लागली होती. उठले आणि चपला घालून आले, कारण चहा विचारायचा होता, धरायचं नव्हतं. खुर्चीत हात मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटलं, नाटक. मशीन चालू होतं, नळीतून हवा येत होती. मी म्हटलंसुद्धा, "पुरे झालं, चहा टाकू का?" मग तुमच्या हातात पॉलिश पेपर दिसला. नाटक करताना तो तुम्ही नेहमी लपवायचात. टेबलावर पाट उपडा होता. तीन पाय बसलेले, चौथा शेजारी आडवा पडलेला. पूजेच्या पाटाला लोखंडी खिळा चालत नाही म्हणून सगळं खाचेत लाकडी खुंटी मारून केलेलं, आणि शेवटची खुंटी तुमच्या मांडीवर.

तुमची बहीण मंदा नागपूरहून आली. तिला रीतीचं सगळं पाठ. जिथं जीव गेला तिथं पीठ पसरायचं, जवळ दिवा लावायचा, वर टोपली पालथी घालायची, आणि सकाळी पिठात कोणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. म्हणजे जाणारा कुठं गेला ते कळतं. तुम्ही असता तर हसला असता, पण मी तिला नाही म्हटलं नाही. टेबल जड, ते कोणी हलवलं नाही. त्याच्याच कडेला, तुमच्या खुर्चीच्या जागी पीठ पसरलं. पाट वर तसाच, थोडा बाहेर आलेला.

सकाळी टोपली उचलली आणि मंदा मागं सरकली. पिठात पाऊल नव्हतंच. ना माणसाचं, ना पाखराचं, ना मुंगीची रेघ. पिठावर एकाला एक लागून छोटे उंचवटे होते, कोणी बोटांची टोकं टेकून उचलावीत तसे.

"वहिनी, बोटं आहेत," ती म्हणाली. "पाच."

मी मोजली, तर चार. मंदाला लहानपणापासून एक जास्त दिसतं, तुम्हीच सांगायचात. मी पुन्हा मोजायला वाकले. ती हळूच म्हणाली, "पाय नाही उमटला, वहिनी. हात उमटला. म्हणजे दादा गेलाच नाही. दादा कामाले बसला."

पीठ उचलून पाण्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, नुसत्या फरशीवर, पुन्हा ते ढीग. आणि तेव्हापासून रोज.

आवाज मी नंतर ऐकला. मशीन ज्यांचं होतं ते घेऊन गेले होते, आणि त्या दुपारी लाइट गेली, कूलर थांबला. बाहेर नवतपाचं, जेठातल्या त्या नऊ जळत्या दिवसांचं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. एवढी शांतता की मला माझ्या बांगड्यांचा त्रास व्हायला लागला. आणि मागच्या व्हरांड्यातून, खिडकीच्या पलीकडून, खर्र, खर्र. थांबून. पुन्हा खर्र, खर्र. बारीक पॉलिश पेपर, सावकाश, धाप लागलेल्या माणसानं घासावं तसा. मी उठले. पायात चपला सरकवल्या, दोन पावलं टाकली आणि आवाज बंद.

मी तिथंच उभी राहिले. मग काय केलं, सांगा? चपला काढल्या आणि अनवाणी गेले. भिंतीला धरून, श्वास रोखून, अगदी पूर्वीसारखी. आवाज पुन्हा सुरू झाला होता. दाराशी पोचले, जाळीतून डोकावले. खुर्ची रिकामी. आवाज चालूच. मी जाळीला हात लावला, कडी वाजली, आणि तो पुन्हा थांबला. माझ्या अंगावर काटा होता आणि तरी मला हसू येत होतं. घाबरायला पाहिजे तेवढी मी घाबरले नाही, कारण ही लबाडी माझ्या चांगल्या ओळखीची होती.

नितीननं दोन मिनिटांत निकाल लावला. पाट उलटा करून त्यानं मला भोकं दाखवली, टाचणीच्या डोक्याएवढी. "आई, घुन है. अंदर कीड़े हैं, लकड़ी खा रहे हैं. बुरादा उसी का है." पाय वाजले की फरशी थरथरते, लाकूड हलतं, अळ्या खायच्या थांबतात. पाटातून भुसा गळतो, टोपलीच्या विणीतून तोच पिठावर पडला. सगळं जागच्या जागी बसलं. मंदा म्हणाली, कीड तर कीड, पण तिला दादानंच बसवलं. ती आपल्या मतावरून हलली नाही.

मग दोघांनी आपापला सल्ला दिला. मंदा म्हणते, चौथा पाय बसवून टाका वहिनी, त्याचं राहिलेलं काम पुरं होईल, दादा सुटेल. नितीन म्हणतो, इसको जला दो, नहीं तो सारे दरवाजों में फैलेगा; जाळलं की घर सुटेल. मला कोणी विचारलं नाही की मला तुम्ही सुटायला हवे आहात का. पाय बसवला तर तुम्ही जाणार, जाळला तर पाटच जाणार, आणि काहीच केलं नाही तर तुमच्या हातचा पाट तुमच्याच आवाजात एक दिवस पिठासारखा खाली बसणार. मी दोघांनाही उद्या बघू म्हणत राहिले. रोज दुपारी लाइट जायची वाट बघत राहिले. या गावात लाइट जायची वाट बघणारी मी एकटीच असेन.

परवा सकाळी मात्र मी खरंच घाबरले.

पूजेला उभी राहिले तर देव्हाऱ्याच्या पायाशी पांढुरकी भुकटी. आधी वाटलं उदबत्तीची राख. पण राख करडी असते, आणि बोटाला लागते. ही कोरडी, मैद्यासारखी. मी वाकून वास घेतला. लाकूड. माझ्या हातातलं फूल खाली पडलं. तुमच्या टेबलाखाली भुसा पडतो हे मी मनाला समजावलं होतं. पण तुमची नळी देवघरापर्यंत पोचतच नव्हती. नळी संपते कुठं ते मला ठाऊक होतं. तुम्ही तिच्या बाहेर आला होतात. घरभर फिरत होतात. मी तिथं उभ्या उभ्या, मोठ्यानं म्हटलं, "अहो, आत कसे आलात?"

नितीन धावत आला. त्यानं देव्हाऱ्याची एक बाजू अलगद उचलली. खाली आंब्याची पट्टी होती. दुसऱ्या बाजूखाली दुसरी. चार बोटं जाडीच्या, कडा गोल केलेल्या, माझ्या आंब्याच्या. पट्ट्यांना तीच भोकं. वर देव आपापल्या जागी, एकही मूर्ती तसूभर हललेली नाही.

मला समजायला वेळ लागला. आणि समजलं तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले, गुडघ्यांचा विचार न करता. रामनवमीच्या आधी. मी गोल बाजारात. तुम्ही नाकातली नळी काढून ठेवलीत, एकेक भिंत धरत देवघरात आलात, एक बाजू उचलून पट्टी सरकवलीत, मग दुसरी, आणि भिंत धरत परत गेलात. मी दारात पाऊल टाकायच्या आत नळी पुन्हा नाकात. ओठ जांभळे करून, बसूनच तर आहो. एक पट्टी सरकवायला तुम्ही केवढी हवा खर्च केलीत, आणि ती तुमच्याजवळ किती थोडी होती. मी देव हलवायचे नाहीत म्हटलं होतं, आणि तुम्ही ते हलवले नाहीत. नुसते वर उचललेत.

नितीन पट्टी हातात घेऊन म्हणाला, "पप्पा को पता नहीं था क्या? कच्ची लकड़ी में तो घुन लगता ही है."

पता होतं, अहो. तुमच्याइतकं कोणाला होतं? जांभळाच्या फळीला दोन वर्षं भिंतीला टेकवून ठेवणारा माणूस माझ्या पाटासाठी एक पावसाळाही थांबला नाही. मी विचारलं तेव्हा सुकते म्हणालात. मला तेव्हाच कळायला हवं होतं की लाकडाला द्यायला वेळ नाही, कारण तुमच्याचजवळ तो नाही. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, डॉक्टरांना विचारलं नाहीत, नितीनला फोनवर बोलला नाहीत. ओल्या आंब्याला रंदा लावलात, तेवढंच. मला तुमचा राग आला. अजूनही येतो. एवढं मोठं गुपित एकट्यानं घेऊन तुम्ही रोज दुपारी माझ्यापासून पॉलिश पेपर लपवण्याचा पोरखेळ करत बसलात, आणि मी तुमच्या मिशीवरचा भुसा झटकत होते. आणि रागाच्या खाली जे आहे त्याला मी काय म्हणू? आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. तुम्ही माझ्यासाठी देव उचललेत, एवढंच म्हणते.

काल दुपारी मी निर्णय घेतला. पाट आणि त्या दोन पट्ट्या अंगणात नवतपाच्या उन्हात ठेवल्या. तुमच्या औषधांच्या डब्यात इंजेक्शनच्या न वापरलेल्या सुया उरल्या होत्या, त्यातल्या एकीत रॉकेल भरलं आणि एकेका भोकात सोडलं. सोनबाई पाट धरून बसली होती. तीन पायांवरची, फळीवरची, पट्ट्यांवरची, सगळी भोकं. मी तुम्हाला आयुष्याच्या शेवटी रोज सांगत होते ना, थांबा आता, पुरे. काल ते मी एकेका भोकाशी पुटपुटत होते. पाटातला आवाज संध्याकाळपर्यंत थांबला, आणि पट्ट्या मी नितीनकडून पुन्हा देव्हाऱ्याखाली सरकवून घेतल्या.

नितीन खूश झाला. मंदा म्हणाली, आता चौथा पाय बसवा. मी नाही म्हटलं. आज सकाळी भुसा पडला तो त्या एकट्या पायाचा, टेबलाच्या कडेवर आडव्या पडलेल्या. त्याला मी सुई लावली नव्हती. नितीन रागावला. मी त्याला म्हटलं, "घाबरू नको. बाहेर नाही येणार."

लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामीच होती. ती धुतली, उन्हात कोरडी केली, आणि चौथा पाय तिच्यात उभा ठेवला. तोंडाला दुहेरी फडकं घट्ट बांधलं. बरणी तुमच्या टेबलावर आहे, नळी संपायची त्याच जागी. घर वाचलं, पाट वाचला, आणि तुम्हाला तेवढं काम राहिलं. त्याचा तुम्ही बरणीत हळूहळू मैदा करा. तो संपला की मग मी अडवणार नाही. घाई मात्र करू नका. आता तुम्हाला वेळच वेळ आहे.

पाटाच्या चौथ्या कोपऱ्याखाली तुमच्या सागवानाचे तुकडे रचले. आज त्याच्यावर बसून पूजा केली. किंचित डगमगतो, काटकोन बघायचा तुमचा गुण्या लावला असता तर तुम्हाला झोप आली नसती. बसल्यावर समोर बघितलं, तर देव माझ्यापेक्षा चार बोटं वर होते. भांडण तुम्ही जिंकलात. आईच्या घरचंही राहिलं. मी हात जोडले आणि मला बराच वेळ काही आठवेना, ना स्तोत्र, ना मंत्र.

दुपारी लाइट गेली. बरणीतून आवाज यायला लागला, काचेमुळे जरा घुमल्यासारखा, दमल्यासारखा. खर्र, खर्र. चहाची वेळ झाली होती. पलंगाखाली चपला होत्या. या सगळ्या दिवसांत मी तिकडं अनवाणीच जात होते.

आज चपला घातल्या. आणि दारापर्यंत फटफट वाजवत, मुद्दाम सावकाश गेले, तुम्हाला लपवायला वेळ मिळावा म्हणून.